आमच्या म्युनिकचं उदाहरण देऊ नका

दहावी-ब च्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तेच सुरू झालंय, आपल्या भारतीय झोहो कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायचं का मायक्रोसॉफ्टचं. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णवांनी आपलं डॉक्युमेंट, स्प्रेडशीट, प्रेझेंटेशन सगळं झोहोवर नेतोय म्हणून जाहीर केलं, ऑक्टोबरमध्ये अमित शहांनी ईमेल तिकडे हलवला, तेव्हापासून जे पेटलंय ते विझायचं नाव नाही. एक गट म्हणतो स्वदेशी वापरा नाहीतर तुम्ही देशद्रोही, दुसरा म्हणतो आपल्याला साधे रस्ते नीट करता येत नाहीत आणि निघाले मायक्रोसॉफ्टला टक्कर द्यायला. इथवर मी गप्प होतो. पण परवा कराडच्या एका मित्रानं, जो स्वतः एका पतसंस्थेत आयटी बघतो, लिहिलं की "अरे जर्मन लोकांना जमलं नाही, म्युनिकवाले मोठ्या तोऱ्यात लिनक्सवर गेले आणि नाक मुठीत धरून विंडोजवर परत आले." खाली पंधरा अंगठे.

मी म्युनिकमध्ये अकरा वर्षं राहतोय. निदान म्युनिकबद्दल तरी मला सांगू नका राव!

म्युनिकच्या नगरपालिकेनं विंडोज सोडून लिनक्सवर, म्हणजे फुकट आणि कोणालाही बदलता येणाऱ्या सिस्टिमवर, जायचं ठरवलं २००३ मध्ये. मायक्रोसॉफ्टचा त्या वेळचा प्रमुख स्टीव्ह बामर तेव्हा स्वित्झर्लंडमधली स्कीइंगची सुट्टी अर्धी टाकून महापौरांना भेटायला धावत आला होता, तरी हे बधले नाहीत. २०१३ पर्यंत जवळपास १५,००० कॉम्प्युटर लिमुक्सवर आले, म्हणजे लिनक्स आणि म्युनिक मिळून त्यांनी ठेवलेलं नाव. मग महापौर बदलला, मायक्रोसॉफ्टनं आपलं जर्मनीचं ऑफिस उन्टरश्लाइसहाइममधून उचलून थेट शहरात श्वाबिंगला आणलं (२०१६), आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचं ठरलं. या दोन गोष्टींचा संबंध आहे का नाही यावर इथल्या बिअरगार्टनमध्ये अजून वाद होतात. पण लिनक्स चाललं नाही म्हणून परत आले, हे काही खरं नाही. शहरभर आयटीचे वेगवेगळे विभाग, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, त्यात बाहेरून येणाऱ्या वर्डच्या फाइल उघडताना विस्कटायच्या. हे विंडोज असतं तरी निम्मं झालंच असतं.

आणि उत्तरेला श्लेस्विग-होलस्टाइन राज्यानं काय केलं ते ग्रुपवर कोणी का नाही टाकत? तिथे सरकारी कामाला मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी फुकटचं लिबरऑफिस आलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ४० हजारांवर मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज-आउटलुकमधून काढून ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्ड या ओपन सोर्स पर्यायांवर नेऊन झाले. सहा महिन्यांत. याला म्हणतात काम. ठरवलं, बजेट टाकलं, केलं. आपल्याकडे सीडॅक या सरकारी संस्थेनं बॉस लिनक्स नावाचं देशी लिनक्स २००७ च्या सुमाराला काढलं होतं, किती जणांनी त्याचा डेस्कटॉप डोळ्यांनी बघितलाय? केरळातल्या सरकारी शाळांच्या लॅब वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात, पण ते उदाहरण नको, कारण ते केरळ, आपल्याला डायरेक्ट जर्मनीच पाहिजे.

बरं, झोहोवाल्यांनी पण लगेच हुरळून जाऊ नये. झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबूंबद्दल मला आदरच आहे, तेनकाशीसारख्या ठिकाणी बसून जगभर विकलं जाणारं सॉफ्टवेअर बनवणं खायचं काम नाही. पण झोहोचं ऑफिस काही ओपन सोर्स नाही, म्हणजे त्याचा कोड कोणालाही उघडून बघता-बदलता येत नाही. कुलूप भारतीय आहे एवढंच, किल्ली तुमच्याकडे नाहीच. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टनं नायरा एनर्जीची सेवा बंद केली, गुजरातमधल्या वाडीनारला एवढी मोठी रिफायनरी चालवणारी कंपनी, तिला आपलेच मेल बघायला दिल्ली हायकोर्टात जावं लागलं, मग काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. त्यावरून ग्रुपवर निष्कर्ष काय, तर बघा, परदेशी कंपनीवर भरवसा ठेवू नका. मला विचाराल तर कंपनी कुठली हा प्रश्नच दुय्यम आहे. उद्या तिथून निघायचं ठरवलं तर आपल्या फाइल, आपले मेल, पंधरा वर्षांचे हिशोब उचलून दुसरीकडे मांडता येतात का, हे पहिल्या दिवशी विचारायचं असतं. आपल्याकडे सही करताना हे कोणी विचारत नाही. इथे विचारतात.

म्हणजे, सगळे विचारतात असं नाही. मी राहतो ते बायर्न राज्य मायक्रोसॉफ्टबरोबरच मोठा करार करायच्या बेतात असल्याच्या बातम्या त्याच सुमारास येत होत्या. आणि आता बोलतोच आहे तर हेही सांगतो, मी पोटासाठी काय करतो? कंपन्यांचे जुने सर्व्हर बंद करून त्यांना मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर नेऊन देतो. अकरा वर्षं हेच. बेट्रीब्सराटनं, म्हणजे कंपनीतल्या कर्मचाऱ्यांच्या समितीनं, हो म्हटलं की सोमवारी सुरू, शुक्रवारी दुपारी फायराबेंड, म्हणजे काम संपवून घरी. निघायचा रस्ता विचारणारा क्लायंट मला आजवर दोनदा भेटलाय, आणि दोन्ही वेळा आमच्या सेल्सवाल्यांनी विषय बदलला. हे ग्रुपवर कधी लिहिलं नाही मी. तिथे मी म्युनिकचा एक्स्पर्ट आहे.

परवा रविवारी हाच सगळा वैताग अण्णांना फोनवर ऐकवत होतो. अण्णा शिक्षक होते, रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या गावाचा इतिहास लिहायला घेतला, दोनेकशे पानं टाइप केली, जुन्या विंडोजवर, जुन्या मराठी फॉन्टमध्ये. युनिकोडच्या आधीचे ते फॉन्ट, फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. तो कॉम्प्युटर कधीच गेला, फाइल मात्र मी पेनड्राइव्हवर इकडे आणून ठेवलीय. एकदा कन्व्हर्टरमधून काढून बघितली तर रफार भलत्याच अक्षरावर, ऱ्हस्व वेलांटी एक घर पुढे, जोडाक्षरं फुटलेली, एकेक ओळ हातानं दुरुस्त करावी लागणार. उन्हाळ्यात बसतो म्हटलं. असे सहा उन्हाळे झाले.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखं विचारलं, "ते माझं उघडलं का रे?"

मी म्हटलं, "अण्णा, तुमच्याकडच्या सॉफ्टवेअरचा हाच प्रॉब्लेम आहे, कोणी स्टँडर्ड पाळतच नाही."

"आमच्याकडच्या?" अण्णा म्हणाले. "अरे, पुण्याहून दिवाळीला आला होतास, शेवटचं वर्ष होतं तुझं. ती सीडी तूच आणलीस. मित्राकडनं कॉपी करून आणलीय, पैसे पडले नाहीत म्हणालास. मी तर वहीतच लिहिणार होतो."

मी म्हटलं रेंज नाही, एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये आहे, नंतर करतो. घरातच होतो. वही आहे का अजून, एवढं तरी विचारायला पाहिजे होतं.