शालिजा धामी फायटर नाही, हेलिकॉप्टरच्या पायलट
भो, जळगाव-भुसावळच्या ग्रुपांवर फिरतंय की ग्रुप कॅप्टन शालिजा धामी देशातल्या पहिल्या महिला फायटर पायलट आणि आता फायटर स्क्वाड्रन (लढाऊ विमानांची तुकडी) सांभाळतात, तर हे चूक आहे. त्या २००३ ला हेलिकॉप्टर पायलट म्हणून एअरफोर्समधे आल्या, २०१९ ला दिल्लीजवळच्या हिंडन तळावर चेतक हेलिकॉप्टरच्या युनिटला फ्लाइट कमांडर (युनिटमधला दोन नंबरचा अधिकारी) झाल्या आणि मार्च २०२३ मधे कमांड मिळाली ती वेस्टर्न सेक्टरमधल्या मिसाइल युनिटची. पहिल्या फायटरवाल्या २०१६ च्या तिघी, अवनी चतुर्वेदी, भावना कांत, मोहना सिंग. चेतक म्हणजे एका इंजिनचं छोटं हेलिकॉप्टर, पुरात अडकलेल्याला दोरीनं वर ओढून घेणारं, असली हेलिकॉप्टरं उडवत एकूण २८०० तासांवर उड्डाणं करून त्या कमांडपर्यंत गेल्या, हे मला फारच भारी वाटतं. ज्यांनी फॉरवर्ड केलं त्यांनी एवढं दुरुस्त करून टाका बरं.