भावाच्या चुकांची यादी आणि करिंथकरांचा तेरावा अध्याय

काल कट्ट्यावर जो वाद झाला तो माझ्यामुळेच झाला. माझ्या मोबाईलमध्ये एक नोट आहे, सख्ख्या भावाबद्दल. तो कधी काय बोलला, कुठल्या कार्यक्रमाला मला डावललं, पैसे परत करताना कशी टोलवाटोलवी केली, सगळं तारखेनिशी. चौदा ओळी झाल्यात. मी ती वाचून दाखवली आणि म्हटलं, आता सांगा, एवढं झाल्यावर ख्रिस्ती प्रेम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आमचा एक मित्र अकाउंट्समध्ये आहे. तो म्हणाला, अरे तुझी ही नोट म्हणजे बायबलमधल्या १ करिंथ १३ च्या, प्रीतीवरच्या त्या अध्यायाच्या, बरोब्बर उलट आहे. तिथे "अपकार स्मरत नाही" असं जे आपण वाचतो, त्याचा मूळ ग्रीक शब्द हिशोबातला आहे, खात्यावर मांडणं अशा अर्थाचा. म्हणजे प्रीती दुसऱ्याच्या नावे चुका जमा करत नाही. आणि हा अध्याय आपण लग्नात वाचतो म्हणून गोड वाटतो, पण प्रेषित पौलाने तो लिहिला इसवी सन ५५ च्या आसपास करिंथ शहरातल्या एका भांडणाऱ्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना. कोणी म्हणतोय मी पौलाचा, कोणी म्हणतोय मी अपुल्लोस या दुसऱ्या शिक्षकाचा, एकमेकांवर कोर्टात फिर्यादी चालल्यात, प्रभूभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या सहभोजनाला, एक उपाशी बसलाय आणि दुसरा पिऊन तर्र. अशा लोकांना तो सांगतोय की प्रीती सहनशील आहे, फुगत नाही. मला हे खरंच माहीत नव्हतं, म्हणजे अध्याय तोंडपाठ होता पण तो कुणाला लिहिला याचा विचारच कधी केला नव्हता.

यावर दुसरा उसळला. म्हणाला, मस्तंय, म्हणजे समोरचा तुडवत राहणार आणि आपण दुसरा गाल पुढे करत राहायचं, अशाने तर माणूस पायपुसणं होतो. मला त्याचं पटलं, खोटं कशाला बोलू.

पण आमच्यातली जी नर्स आहे ती म्हणाली, योहान १८ वाच, येशूच्या चरित्रातला अटकेनंतरचा भाग. प्रमुख याजकासमोर शिपाई येशूला चपराक मारतो तेव्हा येशू गप्प बसत नाही, सरळ विचारतो, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? शिव्या नाहीत, उलट हात उगारणं नाही, पण जाब विचारलाच ना! आणि मत्तय १८ मध्ये तर स्पष्टच आहे, भावाने अपराध केला तर जा, एकांतात त्याचा दोष त्याला दाखव. तू भावाला यातलं काही कधी तोंडावर सांगितलंयस का?

नाही. चौदापैकी एकही ओळ त्याला माहीत नाही.

मी म्हटलं, पण मला त्याच्याबद्दल आतून काही वाटतच नाही, खोटं प्रेम कसं दाखवू. यावर ती जे बोलली ते रात्रभर डोक्यात फिरत होतं. ती म्हणाली, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घे, लूक १०, वाटेवर लुटून जखमी टाकलेल्या अनोळखी माणसाला मदत करणारा तो शोमरोन प्रांतातला माणूस. त्याला कळवळा आला एवढं एकदा येतं आणि मग पुढे सगळी कामंच आहेत, जवळ गेला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर बघितलं, दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून दिले, दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. आणि मग तो आपल्या वाटेला लागला! उरलेला खर्च परत येताना देतो म्हणाला. वॉर्डमध्ये मी रोज हेच करते, प्रत्येक पेशंटबद्दल उमाळा येत नाही, पण ड्रेसिंग बदलायचं असतं ते बदलायचंच.

पायपुसणंवाला तरी थांबेना, म्हणे शोमरोन्याला त्या जखमी माणसाने आधी चौदा वेळा फसवलं नव्हतं. मुद्दा बरोबर आहे, आणि मला वाटतं यावर कुणाकडेच सोपं उत्तर नव्हतं. अकाउंट्सवाला एवढंच म्हणाला की योहान १३ मध्ये येशू शिष्यांचे पाय धुतो तेव्हा त्याला दगा देणारा शिष्य यहूदाही तिथेच बसलेला असतो, तो बाहेर जातो नंतर. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. आणि काय होणार ते येशूला माहीत होतं.

त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

घरी आल्यावर नोट उघडली. तीन नंबरची ओळ होती, "माझ्या आजारपणात एकदाही आला नाही." मग आठवलं की त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मीही गेलो नव्हतो, फोनसुद्धा केला नव्हता, आणि ते या यादीत कुठेच नाही. पैशाचं मी त्याला विचारणार आहे, समोर बसून, ते सोडून देणार नाही. पण आधी गुडघ्याची चौकशी. फोन लावला, पूर्ण रिंग वाजली, त्याने उचलला नाही. सकाळी परत लावतो.