रोज ४३ पानं?

आठवड्याला एक या हिशेबाने वर्षभरात वाचायच्या ५२ पुस्तकांची यादी जानेवारीतच पक्की करा, हा एका लेखात वाचलेला सल्ला काही पटला नाही. सरासरी ३०० पानं धरली तर वर्षाची १५,६०० पानं, म्हणजे रोज जवळपास ४३. एक दिवस बुडाला की दुसऱ्या दिवशी ८६! मी हे करून बसलोय. मार्च उजाडेपर्यंत जाड पुस्तकं मागे सारून पातळ पुस्तकं हुडकायला लागलो होतो, नुसता आकडा भरायला. एका जाडजूड कादंबरीत तेव्हा घातलेली बसच्या तिकिटाची खूण अजून तिथेच आहे.

आता फक्त पाच नावं लिहितो, तीही घरात आधीच न वाचता पडलेल्या पुस्तकांची. एक पुस्तक वाचताना दुसऱ्याचा पत्ता लागतो, त्याला भरगच्च यादीत जागा कुठून आणायची? आणि अर्धवट सोडलेलं पुस्तक मोजायचं की नाही, तेही लेखात सांगितलेलं नाही.