दाराला टांगलेली तालीम

साताऱ्यात व्यायाम म्हणजे पहाटे अजिंक्यतारा चढायचा, नाहीतर तालमीत जोर-बैठका मारायच्या. १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव याच जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे. अशा मुलखात हॉलच्या मधोमध उभं राहून व्यायाम म्हणून दाराला अडकवलेली रबरी नळी (रेझिस्टन्स ट्यूब) ओढणाऱ्याची काय किंमत? "काय रं हे? कुकरचं रबर व्हय?" हा आज्जींचा प्रश्न आम्हा समस्त रबरवाल्यांच्या पाचवीलाच पुजलेला.

हॉलच का, याला कारण आहे. सेटमध्ये पाच रंगांच्या नळ्या, दोन हँडलं आणि एका टोकाला फोमचा गोळा असलेली कापडी पट्टी मिळते. गोळा दारापलीकडे ठेवायचा, पट्टीचा नळी अडकवायचा फास अलीकडे घ्यायचा, दार लावून कडी घालायची. पट्टी शक्यतो बिजागरीच्या बाजूला. दार आपल्याकडे उघडणारं नको; आपण ओढू तसं ते चौकटीत आणखी घट्ट बसलं पाहिजे. बेडरूमची दारं बहुधा आत उघडतात, म्हणजे ओढणाऱ्याने हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर उभं राहायचं आणि आतला माणूस वीस मिनिटं कोंडून घ्यायचा. दया येऊन कडी काढाल, तर तो नेमका अकराव्या ओढीला दार उघडणार आणि गोळा सुटून तुमच्या नाकावर येणार. बाथरूमचं प्लॅस्टिकचं दारही योग्य दिशेला उघडतं, पण त्याच्या वाटेला जाऊ नये. व्यायाम राहतो बाजूला, बिजागरी हातात येते.

रबराचा स्वभाव लोखंडासारखा सरळ नाही. पाच किलोचं डंबेल कुठेही नेलं तरी पाच किलोच. नळी मात्र सुरुवातीला लोण्यासारखी आणि शेवटच्या वीतभरात सासुरवाडीसारखी. तिच्यावर २० पौंड, म्हणजे साधारण ९ किलो, छापलेलं असतं. तेही ठरावीक ताणालाच. रंगांवरही जाऊ नका, एका कंपनीची लाल ती दुसरीची हिरवी. त्यामुळे आमचं वजनमाप फरशीवर चालतं. दारापासून दुसऱ्या फरशीवर उभं राहून लाल नळी १२ वेळा ओढली, तर भिंतीवरच्या कॅलेंडरात 'लाल, २ री, १२' असं लिहायचं. दुधाच्या खाड्यांशेजारी लिहू नये, महिनाअखेरीस गवळ्याशी भांडण होतं. अशा तीनही फेऱ्यांत १५ ओढी सहज जमायला लागल्या की अर्धी फरशी मागे सरकायचं. मात्र मूळ लांबीच्या अडीच पटींपुढे ताणायचं नाही. त्यापुढे नळीची जबाबदारी नळीवर.

ओढताना कोपरं बरगड्यांजवळून मागे न्यायची, खांदे कानांकडे चढू द्यायचे नाहीत. परत येताना मनात तीन मोजायचे. खरी मेहनत या परतीतच आहे आणि सगळे चोरी करतात तीही इथेच: झटकन सोडतात, मग नळीच त्यांना दाराकडे ओढते. बैठकांसाठी नळी पायाखाली घ्यायची, तर बुटाच्या मध्यावर. चवड्याखाली घेतली की ती पुढून सटकते आणि थेट हनुवटी गाठते. चपलेवर तर नकोच.

नळ्या लॅटेक्सच्या असतील तर ऊन आणि तेल हे त्यांचे वैरी. गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत टाकू नयेत आणि अंगाला खोबरेल चोळून हात लावू नये. पुसून, किंचित पावडर लावून कपाटात ठेवाव्यात. सुरू करण्याआधी प्रत्येक नळी वाकवून बघावी, विशेषतः टोकाच्या हुकाजवळ. नखाच्या ओरखड्याएवढी चीर दिसली तरी तिची रवानगी भंगारात.

नळी कपाटात सापडत नसेल, तर पार्किंगमध्ये जाऊन बघावं. गॅसची रिकामी टाकी गाडीच्या मागे तिनेच आवळलेली असते, पाचपट ताणून, आणि एक टोक तापल्या सायलेन्सरला टेकलेलं.