म्हणे, नवं पिनबॉल मशीन दहा वर्षांत भंगार!

शनिवारी मेहुणीच्या मुलाचा फोन आला. "काका, मशीन कॅन्सल केलं मी." दोन वर्षं पैसे साठवून हा पोरगा शिकागोजवळच्या एका घरातून २०१७ सालचं वापरलेलं पिनबॉल मशीन घेणार होता; म्हणजे काचेखालची पोलादी गोळी बटणानं हलणाऱ्या दांड्यांनी, फ्लिपरनी, उडवत राहायचा तो खेळ. मग फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. टाकला कुणी, तर त्याच्याच वडिलांनी, म्हणजे आमच्या साडूंनी, ज्यांनी आयुष्यात कधी फ्लिपरचं बटण दाबलेलं नाही.

फॉरवर्डचं म्हणणं असं: आजची मशीनं मोबाईलसारखी, एक सर्किट बोर्ड गेला की सगळं भंगारात. दहा वर्षांनी पार्ट मिळत नाहीत. घरी दुरुस्ती होत नाही. त्यापेक्षा नव्वदच्या दशकातलं घ्या, ते कधीच बिघडत नाही. फक्त आतल्या बॅटऱ्यांना हात लावू नका, मेमरी जाते.

आधी ती बॅटरीच घेतो, कारण हा सल्ला पाळून खरोखर कुणाचं तरी मशीन मरेल. विल्यम्स आणि बॅली या नावांनी निघालेल्या नव्वदच्या दशकातल्या डब्ल्यूपीसी मशीनांत (डब्ल्यूपीसी हे त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं नाव) मुख्य बोर्डावरच तीन पेन्सिल सेल बसवलेले असतात. हाय स्कोअर, सेटिंग, घड्याळ हे सगळं त्यांच्या जिवावर. सेल जुने झाले की पाझरतात आणि ते पाणी बोर्डावरचं तांबं खातं. एका ओळखीच्यांच्या तळघरात असंच एक जुनं मशीन उघडलं होतं. सेलच्या खाली हिरवट-पांढरी पूड साचलेली, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं लागलं तर सॉकेटचा पाय तुटून हातात. स्विचची अख्खी रांग मेलेली. का, तर सात-आठ वर्षं कुणी "हात लावला नव्हता". सेल दरवर्षी बदलायचे असतात. त्याहून बरं म्हणजे तारा जोडून ते बोर्डाबाहेर न्यायचे, किंवा बॅटरीशिवाय लक्षात ठेवणारी चिप बसवायची. आणि मेमरी गेली तर काय जातं? हाय स्कोअर! जाऊ दे की.

"कधीच बिघडत नाही" हेही घ्या. त्याच मशीनांत दिव्यांचे कनेक्टर जळून तपकिरी होतात, नारिंगी डिस्प्लेच्या ओळी एकेक करून गायब होतात. तरी ती आज चालताहेत, कारण लोक ती दुरुस्त करतात आणि पार्ट मिळतात.

इथेच फॉरवर्डचा दहा वर्षांचा हिशेब कोसळतो. विल्यम्सनं पिनबॉलचा धंदा १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद केला. म्हणजे ज्या जुन्या मशीनांची साडू शिफारस करताहेत, त्यांची मूळ कंपनी पिनबॉलमधून बाहेर पडून पाव शतक उलटलं. तरी कॉइल (फ्लिपर हलवणारी तारेची गुंडाळी), रबर, रॅम्प, अख्खे नवे बोर्डसुद्धा मिळतात, कारण दुसऱ्यांनी परवाने घेऊन ते बनवायला सुरुवात केली. विल्यम्सचं १९९७ चं मेडिईव्हल मॅडनेस हे मशीन तेव्हा चार हजार नगांच्या आसपासच निघालं होतं. शिकागो गेमिंग या कंपनीनं २०१५ मध्ये ते पूर्णच्या पूर्ण पुन्हा बनवायला घेतलं. मग स्टर्नसारख्या चालू कंपनीच्या मशीनचेच पार्ट तेवढे कसे गायब होणार?

शिवाय मशीनमध्ये झिजतं काय? २७ मिलिमीटरची, ८० ग्रॅमची पोलादी गोळी दिवसभर आपटत असते. मार खातात रबर, कॉइल आणि फ्लिपरची यंत्रणा; आणि ही यंत्रणा तीस वर्षांत फारशी बदललेली नाही. माझ्या नव्या मशीनचा डावा फ्लिपर मरगळला, तेव्हा प्लेफील्ड, म्हणजे गोळी जिच्यावर धावते ती फळी, उचलून पाहिलं: प्लंजरचं, म्हणजे कॉइलमध्ये मागेपुढे होणाऱ्या दांडीचं, टोक ठोकून ठोकून भूछत्रासारखं पसरलेलं, स्लीव्हमध्ये, कॉइलच्या आतल्या नळीत, काळी पूड. दोन तारांचं सोल्डर आणि तासाभराचं काम. स्लीव्ह किरकोळ पैशांत मिळते.

आता बोर्ड. इथे साडूंना अर्धा गुण द्यावा लागतो, नाइलाज आहे. २०१५ पासूनच्या स्टर्नच्या स्पाईक मशीनांत (स्पाईक हे त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं नाव) प्लेफील्डखाली छोटे, वेगवेगळे सर्किट बोर्ड असतात, त्यांना नोड बोर्ड म्हणतात, नेटवर्कच्या केबलनं जोडलेले. त्यांच्यावरचे भाग तांदळाच्या कणीएवढे. पूर्वीसारखा जळका ट्रान्झिस्टर काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवा लावणं बहुतेकांना जमणार नाही. बोर्डच बदलावा लागतो आणि तो स्वस्त नसतो. पण बदलायचा तो एक बोर्ड, मशीन नव्हे! खरी भीती छोट्या कंपन्यांची आहे. वेल्सची हायवे पिनबॉल ही कंपनी २०१८ मध्ये बुडाली, तेव्हा ज्यांच्या घरी तिची मशीनं होती त्यांनी पार्टसाठी कुणाकडे बघायचं? हे फॉरवर्डमध्ये असतं तर मीच पुढे पाठवलं असतं.

घरी दुरुस्ती होत नाही म्हणे. मॅन्युअल नेटवर फुकट मिळतं, आणि कुठला स्विच मेलाय हे मशीनचा टेस्ट मेन्यूच सांगतो. पुढे.

भाच्याला म्हटलं, मालकाला पुन्हा फोन लाव. बघायला जाशील तेव्हा प्लेफील्ड उचलून दाखवायला सांग, आणि फ्लिपरखाली काळी पूड दिसली तर पन्नास डॉलर कमी कर म्हणावं.