तूट एक वर्षाची

ज्येष्ठांच्या सांघिक बॅडमिंटन स्पर्धेसाठी आमच्या क्लबानं मला राखीव ठेवलंय. बॅकहँड बरा आहे, गुडघे जागेवर आहेत. अडलंय वयावर. तेही जास्त झालं म्हणून नाही, कमी पडलं म्हणून!

लढतीत तीन दुहेरी असतात. पहिल्या जोडीच्या वयांची बेरीज किमान ९०, दुसरीची १००, तिसरीची ११०. वय १ जानेवारीला पूर्ण झालेलंच धरायचं आणि एका खेळाडूनं एकाच जोडीत खेळायचं. ही बेरीज करायला अण्णा बसतात. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झालेला माणूस. रॅकेट कधी हातात धरली नाही, पण वही अशी ठेवतात की समोर ट्रॉली उभी आहे असंच वाटावं.

"जन्मतारीख?"

"१४ ऑगस्ट १९७६."

"एकोणपन्नास. जोडीदार?"

"१ जून १९७५."

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "परत एक जून! ह्या क्लबात निम्मी माणसं एकाच दिवशी जन्मल्यात. मास्तरानं लिवलीया व्हय?"

"हो. त्याची आई म्हणते, बेंदराच्या आदल्या दिवशी झाला."

"कर्नाटकी का महाराष्ट्री?"

आता हे मला काय माहीत? अण्णांनी मात्र बैलांच्या ह्या सणाच्या दोन्ही तारखा धरून हिशेब करून बघितला. फरक पडेना. "पन्नासच. एकूण नव्व्याण्णव. एक वर्ष तूट."

"अण्णा, ऑगस्टात मी पन्नास होतोय."

"व्हाल की. पर काट्यावर भरंल तेच खरं. वाटंत ऊस वाढतोय व्हय?"

"मग नव्वदच्या जोडीत घाला."

"तितं नऊ वर्षं फुकट जात्यात."

माझी नऊ वर्षं फुकट! घरीही हेच ऐकतो, पण तिथं निदान वहीत नोंद होत नाही.

शंभरच्या जोडीत गेले कोण? एक ६२ चे काका आणि ३८ चा एक माजी राज्य खेळाडू. बेरीज बरोबर शंभर, एक गुंजही वाया नाही. काका सर्व्हिस करून नेटजवळ उभे राहतात, मागचं सगळं मैदान पोरगं पळून काढतं. पोरगं ३८ चं, पण आमच्यात ते पोरगंच. ही जोडी फोडायची कशी तेही सांगतो, कारण आता मला काय फरक पडतोय! दुहेरीत रिसीव्हर बदलता येत नाही, त्यामुळे काकांची पाळी काकांनाच घ्यावी लागते. त्यांना फ्लिक सर्व्हिस करा, म्हणजे आखूड टाकतोय असं दाखवून ऐनवेळी मनगटानं मागं उडवा. दुहेरीची मागची सर्व्हिस रेषा बेसलाइनच्या ७६ सेंटिमीटर आत असते, म्हणून शटल फार उंच न घालवता डोक्यावरून जेमतेम जाईल असं काढायचं. सर्व्हिसला फटक्याच्या क्षणी शटल १.१५ मीटरच्या खालीच हवं, नाहीतर फॉल्ट. काका मागं वळेपर्यंत काम झालेलं असतं. वळले तरी रिटर्न आखूड येतो, तो मारायला नेटवर माणूस तयार ठेवायचा.

जागतिक सीनियर स्पर्धेत ३५ पासून पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि दुहेरीत दोघांनीही गटाचं वय गाठलेलं लागतं. तिथं एकाचं वय दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही. आपल्याकडं बेरीजच ठेवायची असेल, तर निदान प्रत्येकी ४५ अशी खालची मर्यादा तरी घाला. हे मीटिंगमध्ये मांडलं तर सगळे चहाकडं बघायला लागले.

आणि निवड चाचणी म्हणे खेळ बघून झाली. खेळ कसला, चाचणी नायलॉनच्या शटलवर! पिसाच्या शटलची नळी महाग पडते. पण स्पर्धा पिसावर आहे ना? सोळा पिसांचं शटल फटक्यानंतर पटकन वेग सोडतं आणि शेवटी सरळ खाली येतं. नायलॉनचं सपाट लांब जात राहतं. ज्याचा सगळा खेळ ड्रॉपवर आणि नेटवर, त्याचं नायलॉनवर मातेरं होणारच, आणि नुसतं बडवणारा वाघ ठरणार. त्यात हवा तापलेली आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास वर. शटलचा नंबर जितका मोठा तितकं ते वेगवान; पिसाचं ७७ नंबरचंही इथं उन्हाळ्यात पळतं, ७६ घ्यावं लागतं. बेसलाइनवरून खालून पूर्ण फटका मारला की शटल समोरच्या बेसलाइनच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडं पडलं पाहिजे. चाचणीच्या दिवशी ते भिंतीवर आदळत होतं. कुणी तपासलं? वयं तपासायला मात्र वही, पेन, आधारची झेरॉक्स, सगळं हजर.

खासबागेत पैलवान वजनासाठी जेवण तोडतो, ते कळतं. मी काय तोडू म्हणजे वय वाढंल?

राखीव असलो तरी जर्सीचे पैसे पूर्ण भरायचे आहेत. अण्णा साइज लिहून घेत होते. एल म्हणालो, तर पोटाकडं बघून त्यांनी एक्सएल लिहिलं आणि विचारलं, "पाठीवर नाव छापायचं का वय?"

"नाव."

"छपाईचं पन्नास जादा. हितं तरी पन्नास भरतील न्हवं?"