तेराव्या वचनाच्या आधी

पुतण्याला बढती मिळाली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो आला आणि खाली बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं 4:13 हे वचन: सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्वकाही करू शकतो. झालं, जुंपली. एक गट म्हणतो, विश्वास खरा असेल तर देव भरभरून देतोच. दुसरा म्हणतो, 'समाधान माना' हा उपदेश नेमका ज्याच्याकडे काही नाही त्यालाच का?

मी रात्रपाळीहून येऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होतो. हातमोजा काढून तिथेच लिहिलं, बाबांनो, आधीची दोन वचनं वाचा! हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेत आहे. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीची पोच देताना तो म्हणतो की सुबत्तेत आणि टंचाईत, दोन्हीकडे राहायला मी शिकलो. 'सर्वकाही' म्हणजे एवढंच. त्यात बढती आली, तशी नोकरी जाणंही आलं. आणि बघा, 'शिकलो' म्हणतो, म्हणजे मुळात जमत नव्हतं. 'समाधानी'साठी तिथे असलेला ग्रीक शब्द स्तोइक तत्त्वज्ञांच्या आवडीचा, अर्थ स्वयंपूर्ण. पौल तो उचलतो आणि लगेच सांगतो, बळ माझं नाही.

दुसऱ्या गटालाही सोडलं नाही. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देव ऐकतो. त्या मजुराला गप्प बस, समाधान मान, असं तिथे कुणी सांगत नाही.

आमच्या इथल्या चर्चमध्ये असली भांडणं होत नाहीत, हेही ऐटीत जोडलं. (निम्मे बाक रिकामे, भांडणार कोण?)

चुलतभावाचं उत्तर एका ओळीचं: "तिकडच्या पगारात समाधान परवडतं, दादा."

झोंबलं. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, रोजच्यापुरता मिळायचा. शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचा, वाटा सोडला, तर उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडायचे. मी 'आणखी पाच वर्षं, मग परत' म्हणत बावीस वर्षं साठवतोय.

फिलिप्पै हे शहर म्हणजे रोमी वसाहत, निवृत्त सैनिकांना जिथे वसवलं ती, नागरिकत्वाचा तोरा मिरवणारी. तिथल्याच लोकांना पौल याच पत्रात लिहितो की आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे. मला इथला पासपोर्ट मिळाला त्याच आठवड्यात हा उतारा चर्चमध्ये वाचला गेला. सगळे 'आमेन' म्हणाले. माझ्या तोंडून ते निघेना. इथे सगळ्यांबरोबर इंग्रजीत प्रार्थना करतो, पण रात्री घाबरून जाग आली की तोंडी मराठीच येते.

भावाला लांबलचक उत्तर लिहिलं आणि पुसलं. मग ध्यानात आलं, पोराचं अभिनंदन करायचंच राहून गेलं. त्याला वेगळा मेसेज केला. मिनिटभरात उत्तर:

"थँक्यू काका. तिकडे माझं काही जमेल का हो?"